तोरणाचा दोर

श्रावण वद्य दशमी
शब्द दिला म्हाद्यानं, अन् अकोल्याले पळाला म्हाद्याच. माह्या पोटचा पोरगा, गावचा पाटील. म्हणे आडत्याकडं काम आहे. भर पावसात कोणता कापूस इकते रे बाबू? पोळा तोंडावर आला.

मागच्या पोळ्याच्या काठ्या अजून कानात वाजतात. महारवाड्यातल्या सोमानं कापसाच्या गाड्या हाकून स्वतःची जोडी केली. तेच लोकायच्या पोटात दुखते. पोळ्यात जोडी घेऊन पार मागं उभा होता. आमचे मानाचे बैल तोरण तोडतात, मंग पोळा फुटते, मागच्याले काहीच राहत नाही. "माही जोडी तोरणाखालून जाऊ द्या, मंग तोडा," एवढंच म्हणे. झडतीची गाणी म्हणता म्हणता कोणी त्याच्या मायवर घसरलं. मंग काठ्या. सोमाचा डावा डोळा गेला.

तवा म्हाद्यानं सगळ्यायसमोर बेलभंडार उचलला. पुढच्या पोळ्याले सोमाची जोडी गेल्यावरच तोरण तुटीन.

द्वादशी
म्हाद्याचा निरोप. नदी भरली, येता येत नाही. निरोप घेऊन गाडीवान आला तो कोरड्या धोतरानं! "पाटील आडत्याच्या ओट्यावर पान खाऊन राहिले," म्हणे.

आता मानाचे बैल नातू धरीन, म्हाद्याचा गोविंदा. काठीले तेल लावत बसला होता.
"कावून रे?"
"बैलासाठी, आजी."
बैलाले अशी काठी लागते का? हासला. बापावानी, नजर चुकवून.

त्रयोदशी
सोमाची माय सगुणा आली. कुंपणापलीकडूनच बोलली.
"पाटलीनबाई, जोडी घरीच पुजतो. पोराचा एकच डोळा राहिला."
"अन् माह्या घरचा शब्द?"
"तुमचा शब्द तुमच्यापाशी ठेवा. मले पोरगा पाहिजे."
"सोमा काय म्हणते?"
"येतोच म्हणते. हट्टी मेला."
मले सगुणाचा पुळका नाही. तिच्या हातचं पाणी मी पेणार नाही, खोटं कावून लिहू? पण भेव दोघीयले एकच. तिचा मरीन, माहा मारीन.


चतुर्दशी, खांदमळण
बैलायच्या खांद्याले लोणी-हळद चोळली. आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. बैलाले आवतण, माणसाले काठी.

तोरण दरसाल आमच्याच घरी वळतात. बारीक दोर, शिंग लागलं का तुटते. अवंदा मीच वळलं. अंबाडी भिजवून, तीन पेडाचं. बोटं सोलली.
गोविंदा म्हणे, "आजी, हा काय मोटेचा दोर आहे का?"
"तोडून दाखव."
पाय रोवून ओढला. तुटला नाही.
"कोयता आहे ना," म्हणे, अन् हासत गेला.
घरातले इळे-कोयते ज्वारीच्या कणगीत पुरले. पण गावात कोयते का कमी आहेत?

अमावस्या, पोळा
तोरण बांधलं. घुंगरं ऐकू येऊन राहिले. सोमाची जोडी निघाली, शिंगं हिंगुळानं रंगवलेली. गोविंदा सकाळपासून घरात नाही. काठीही नाही.

रिद्धपूरच्या मठातल्या बाईनं शिकवलेली अक्षरं आज सरळ निघत नाहीत.

तोरणापाशी बाया जात नाहीत. मी जाऊन राहिली. खांबाले टेकून मधातच बसीन. आजीवरून बैल नेते का, पाहू.

रगत सांडलं तर सोमाले कोणी इचारायचं नाही. गोविंदालेही मंगच, पयले नाही. म्हाद्याले अकोल्याहून धरून आणा, तोरणाखाली उभा करा. जबाब त्यानंच द्यायचा.