लुंबिनीला समुद्र दाखवायला नेलं

२० मार्च, पहाटे ५. उमरी.
निघायला वीस मिनिटं. संकल्प: लुंबिनीला समुद्र दाखवणे. एकोणीस वर्षांच्या संसारात तिनं गोदावरीपेक्षा मोठं पाणी बघितलेलं नाही. गाइड लागणार नाही. मी कॉलेजात बायोलॉजीचा लॅब असिस्टंट आहे. साप निघाला की प्राचार्यसुद्धा मलाच फोन करतात.
सामान लई झालंय. तीन बॅगा, वर कुकर. पाच दिवसांच्या ट्रिपला कुकर कशाला, विचारलं. ती म्हणाली, "सांगितलं की तुम्हाला." सांगितलं असेल.

सकाळी १०. लातूर.
हॉस्टेलवर धम्मप्रियाला भेटलो. (मुलगी. नीटचा क्लास.) आईच्या गळ्यात पडून रडली. परीक्षेचं टेन्शन. तिला टाइमटेबल कसं पाळावं यावर पंधरा मिनिटं सांगितलं. दोघी माझ्याकडं नुसत्या बघत होत्या. प्रभाव पडला.

२१ मार्च.
पुण्याहून निघून घाट उतरलो. वाटेत माकडं. डोळ्यात डोळे घालून उभं राहिलं की माकड मागं सरतं, हे लुंबिनीला प्रात्यक्षिकासह दाखवलं. मोठं माकड माझ्याकडं बघत राहिलं. तेवढ्यात दुसऱ्या दोघांनी गाडीच्या मागच्या दारातून धपाट्यांचा डबा नेला. लुंबिनी हसली. कितीतरी दिवसांनी. म्हणजे प्लॅन बरोबर चाललाय.

सायंकाळी.
समुद्र! रस्ता पाण्याला लागूनच, मधे फक्त सुरूची झाडं. मी भरती-ओहोटी समजावत होतो. ती म्हणाली, "पाच मिनिटं गप बसा ना." बसलो. तीन मिनिटं. चंद्राचं सांगायचं राहिलं होतं.

२२ मार्च.
डॉल्फिनची बोट. लाट फार. मी सगळा वेळ कठड्यावरून वाकून. उलट्या सहा, डॉल्फिन शून्य. लुंबिनी म्हणते अकरा होते, माझ्या पाठीमागं. बोटवाला पण अकराच म्हणतो. बोटवाले गिऱ्हाईकाच्या बाजूनं बोलतात.
उद्या कासवं. कासवं निदान जमिनीवर असतात.

२३ मार्च, सकाळी.
किनाऱ्यावर कासवाच्या घरट्यावर झाकलेली टोपली उचलली तर खाली वाळूत अठरा पिल्लं, बिस्किटाएवढी. समुद्राकडं निघाली. समोरून व्हिडिओ चांगला येतो म्हणून मी समोर गेलो. तिथला कार्यकर्ता तीनदा म्हणाला, "काका, मागे व्हा, तुम्ही त्यांच्या वाटेत उभे आहात." पद्धत नाही बोलायची.
शेवटचं पिल्लू लाटेत गेलं तेव्हा लुंबिनी रडत होती. आनंदानं, असं वाटून खांद्यावर हात ठेवला. ती बाजूला झाली. म्हणाली, "मी उद्या इथं जॉइन व्हायलेय."
कुठं?
गावातल्या आरोग्य केंद्रात. ती स्टाफ नर्स आहे, विनंती बदली मागितली होती. अर्ज ऑक्टोबरचा, ऑर्डर फेब्रुवारीची.
मला कसं माहीत नाही, मी म्हणालो. ती म्हणाली, "तीनदा सांगितलं. जानेवारीत जेवताना. ऑर्डर आली त्या दिवशी. आन् निघालो त्या दिवशी लातूरच्या रस्त्यावर. तुम्ही हाव म्हणलात आन् नागाचं सुरू केलंत."
किती दिवसांसाठी, विचारलं.
ती म्हणाली, "तुम्ही मला कधी काही विचारत न्हाईत. आज पहिल्यांदा विचारलंत."
किती दिवस, ते सांगितलंच नाही.

दुपारी.
बॅगा तिच्या भाड्याच्या खोलीवर पोचवल्या. खिडकीतून समुद्र दिसतो. कॉट एक. हवा दमट आहे, तिला सोसणार नाही. जास्तीत जास्त पंधरा दिवस काढेल. निश्चय: आपण फोन करायचा नाही, तिलाच करू दे.

२४ मार्च. बार्शीजवळ.
दोनदा केला. दुसऱ्यांदा उचलला. "ओपीडी चालू हाय," म्हणाली. आवाज चांगला वाटला. मी नागाचं काही काढलं नाही.

२५ मार्च, सायंकाळी. उमरी.
गाडी लावतानाच शेजारचे शेषेराव आणि सिंधुताई आले. ट्रिप कशी झाली? लई भारी, म्हणालो. ताई कुठंयत? प्रवासानं ताप आलाय, झोपलीय, म्हणालो. सुचलं ते बोललो.
तासाभरानं सिंधुताई पातळ खिचडीचा डबा घेऊन आल्या. "ताप अंगावर काढू नये, त्याच तर सगळ्यांना सांगतात," असं म्हणत सरळ आत. मी दारात होतो. बाजूला झालो.
"लुंबिनीताई, वो लुंबिनीताई!" आतल्या खोलीतून आवाज आला. मग स्वयंपाकघरातून. मग नाही आला.
बाहेर आल्या. डबा टेबलावर ठेवला. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मीठ कमी हाय, वरून घ्या." आणि गेल्या.
शेषेरावांच्या घरातला टीव्ही आत्ता बंद झाला. दोघं हळू आवाजात काहीतरी बोलायलेत. शब्द कळत नाहीत.