ह्यांचं बंद घड्याळ

२ फेब्रुवारी, सकाळी ११
माझं भिंग कोणी हलवलं? घरात माणसं चार आणि वस्तू हलवणारे हात चाळीस. सापडलं माझ्याच मांडीखाली. पण तिथे ठेवलं कोणी?
श्री. हे वर लिहायचं असतं, रागात राहिलं.
ह्यांचं घड्याळ आता मीच दुरुस्त करणार. फौजेच्या कॅन्टीनमधून घेतलेलं. चाळीस वर्षांत कधी थांबलं नाही. हे गेले आणि तिसऱ्या दिवशी तेही गेलं. वर्षभर फोटोपुढे पडून आहे.
नात संपदा २२ला ट्रेनिंगला चालली, ऑफिसर होणार. बाराव्यालाच म्हणाली होती, आजी, आजोबांचं घड्याळ मी घालते. मी म्हटलं, गेलेल्याची वस्तू लगेच अंगाला लावायची नाही. आता म्हटलं, घाल, पण चालू करून देईन.
भावनेबिवनेचं काही नाही. बंद वस्तू घरात नको, इतकंच.

४ फेब्रुवारी
शाळा चौथीपर्यंत. पण शिलाई मशीन, मिक्सर, कुकरची शिट्टी, सगळं ह्याच हातांनी ठीक केलंय. संपदाने मोबाइलवर व्हिडिओ लावून दिला. इंग्रजीत आहे. हात बघितले की कळतं.

८ फेब्रुवारी, रविवार
बाजारातून सरावाला तीन जुनी घड्याळं आणली. सून माधवी म्हणाली, आई, घरातलं कबाड कमी पडलं का? म्हटलं, ह्याला कलेक्शन म्हणतात. तिने कपाळाला हात लावला. कौतुकाने असेल.

९ फेब्रुवारी
तिन्ही उघडली. एकही परत मिटेना. सराव बिल्कुल उत्तम.

१२ फेब्रुवारी, दुपारी ३
ह्यांचं उघडलं आणि बिघाड पहिल्या झटक्यात सापडला! आत एक अर्धगोल पत्रा. सैल. हलवलं की नुसता गरगर फिरतो. कधी सुटून पडला देव जाणे. काढला आणि पदराच्या गाठीला बांधला. बाकीची चाकं देवाच्या उपकरण्यांसारखी चिंच-मीठ लावून घासली. सोन्यासारखी दिसतात.

१३ फेब्रुवारी
एक स्क्रू गायब. तिळाएवढा. माधवीने झाडू मारला. दोष तिचा.

१५ फेब्रुवारी
जोडलं. कानाला लावलं. काही नाही. मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले. काही नाही. तेल मुरायला वेळ लागतो.
दुपारी हे झोपायचे तेव्हा हात माझ्या उशीवर. टिकटिक थेट कानात. चाळीस वर्षं भांडले, तो हात उचला म्हणून. आता वर्षभर दुपारी डोळा लागत नाही. वरच्या फ्लॅटमध्ये ड्रिल चालतं.
ड्रिल दिवाळीपासून बंद आहे, असं माधवी म्हणते. तिला ऐकू कमी येतं.

१९ फेब्रुवारी
संपदाला घेऊन करोल बागेत गेले. म्हातारा घड्याळजी. मी आधीच सांगितलं, काम झालंय, फक्त शेवटचा हात फिरवा. त्याने डोळ्याला भिंग लावलं. मग विचारलं, माताजी, आधा गोल वाला पुर्जा कहाँ है? मी गाठ सोडली. म्हटलं, ये तो टूटके घूम रहा था.
तो पत्रा तळहातावर धरून बसला. म्हणाला, यही तो जान है इसकी. हाथ हिलता है, ये घूमता है, घड़ी चलती है. खराब थी ही नहीं. कोई पहन लेता तो चल पड़ती.
म्हटलं, आता?
त्याने घड्याळ मिटलं आणि माझ्याकडे सरकवलं. चाकं चिंचेने खाल्ली होती.
 मेट्रोत माझी पिशवी संपदाने धरली.

२२ फेब्रुवारी, दुपारी २
पोरगी गेली. बंद घड्याळ तिने हट्टाने बांधून घेतलं. म्हटलं, अगं, वेळ कळणार नाही. म्हणाली, वेळ मोबाइलमध्ये बघेन. टॅक्सी वळेपर्यंत तोच हात हलवत होती. पत्रा माझ्या गाठीतच राहिला.
घरी येऊन फोटोपुढे बसले. चाळीस वर्षं मनगटाला बांधून मिरवलंत. हात हलला की चालतं, एवढं बायकोला सांगायला तोंड दुखत होतं? मारुतराव! घेतलं नाव, काय व्हायचं ते होवो. मुलाने मध्ये पडायचं नाही, सुनेने चहा आणायचा नाही. उत्तर तुम्हीच द्यायचं.