शनिवारचा कूलर

३ मे २०२५, शनिवार

सकाळचे दहा वाजले आणि पाय आपोआप चपलेत! फाटकापर्यंत गेल्यावर आठवलं. माझा दोस्त एलू जाऊन वर्ष होत आलं. आता कुठे निघालो? शेजारचं कुत्रं बघत होतं. त्याला म्हटलं, फिरायला. कुत्र्याशीही खोटं बोलायला लागलो!

४ मे, रविवार

एलूच्या पत्नी दीनावहिनी येऊन गेल्या. पुढच्या रविवारी त्याच्या वर्षाची प्रार्थना. माझ्या हिशोबाने तेव्हाही अजून दहा दिवस उरतात, पण त्यांचं पंचांग वेगळं, आणि तेही आपल्यासारखंच सरकतं. ठाण्याहून नातेवाईक येणार. मलिदा होणार — गूळ-खोबरं घातलेले पोहे आणि फळं.

"भाऊजी, तुम्ही दोन शब्द बोलजा. हसवजा साऱ्यायले. रडकं काही नोको."

हो म्हणून बसलो.

५ मे, सोमवार

मुद्दे काढले.

एलायजा झिराडकर. घराणं बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, पक्कं धार्मिक. आजोबा रेल्वेच्या नोकरीत नागपूरला आले आणि इथलेच झाले. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी अंधार पडेपर्यंत शब्बाथ. विस्तव नाही, बटण नाही. आणि दुसऱ्याला "बटण दाब" असं सांगायचंही नाही! फक्त हवापाण्याच्या गप्पा मारायच्या.

माझी बायको वंदना गेली त्या उन्हाळ्यापासून कूलरचं बटण दाबायचं काम माझ्याकडे आलं. त्याआधी त्यांचं कसं चालायचं कोण जाणे. दर शनिवारी दहाला मी हजर. एलू बंद कूलरसमोर, घामाघूम.

"रुपराव, गर्मी होऊन राहिली गा."

मी मुद्दाम म्हणायचो, "मे महिना हाय, होईनच."

"ज्यानं कूलर बनवला त्याचं भलं होवो."

"होवो."

"माणसाचं बोट पाह्य बरं! काय काय करू शकते!"

मग दाबायचो. एकदा वीस मिनिटं ताणलं. शेवटी "काहून जीव घेऊन राहिला गा!" म्हणाला, आणि लगेच आभाळाकडे बघून, "हे मी मागतलं नाही हं!" वहिनी आतून हसून बेजार.

६ मे, मंगळवार

काल लिहिलेलं वाचलं. जमलंय. पण शेवटचा शनिवार?

७ मे, बुधवार

झोप येत नाही, म्हणून लिहितो.

गेल्या वर्षीचा १७ मे, शुक्रवार. भिवापूरची मिरची आणून मी स्वतः ठेचा वाटला. डोळे आठवडाभर चुरचुरत होते. एलूनं बोट चाटलं. "चांगला हाय. लेकराच्या बारशाले चालते." आणि अर्ध्या नंदनवन कॉलनीला ऐकू जाईल इतका हसला.

मी रुसलो! सत्तर वर्षांचा घोडा, ठेच्यावरून रुसला. दुसऱ्या दिवशी गेलोच नाही. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मंगळवारी तो गेला.

डॉक्टरांनी हृदय सांगितलं. पण माझ्या डोळ्यांसमोर तो तसाच बसलाय, बंद कूलरसमोर, दिवसभर. गर्मी होऊन राहिली, हे ऐकायलासुद्धा कोणी नाही. वहिनींना वर्षभर विचारलं नाही. हिंमतच नाही. माझ्यामुळे गेला का तो?

१० मे, शनिवार

ठरलं. आधी हसवणार, मग सगळं कबूल करणार. आरशासमोर चार वेळा म्हटलं. चारही वेळा आरसाच रडला.

११ मे, रविवार

डोक्यावर त्यांची टोपी घालायची होती. माझ्या टकलावरून ती तीनदा घसरली. तिथेच निम्मे लोक हसले, मेहनत वाचली. कूलरच्या गोष्टीला ठाण्याची एक मावशी पोह्यांचा ठसका लागेपर्यंत हसली.

मग ठेचा सांगितला. तो शनिवार सांगितला. "माफ करा वहिनी" म्हणालो आणि खाली बसलो.

आणि वहिनींना हसू फुटलं! पदर तोंडावर, खांदे गदगदा. एवढंच म्हणाल्या, "पाहुणे जाऊ द्या, भाऊजी. उद्या या."

१२ मे, सोमवार

कूलरच्या मागे टायमर आहे. वंदना होती तेव्हापासूनचा! शुक्रवारी लावून ठेवला की शनिवारी कूलर आपोआप चालतो; बटण दाबलं तर मधेही चालू होतो. मी अठ्ठावीस वर्षं वीज खात्यात लाइनमन होतो, आणि एकदा वाकून मागे पाहिलं नाही.

वहिनी म्हणाल्या, "वंदनाताई गेल्या अन् तुम्ही घराच्या बाहेर निघनं बंद केलं. तवा यायनं टायमर बदलवला. साडेनऊले बंद, साडेदहाले चालू. मंधातला घंटा तुमचा. त्या शनिवारी तुम्ही नाही आले, तं साडेदहाले कूलर चालू झाला. हे लई हसले. म्हणे, रुपराव रुसला वाटते. पुढच्या शनिवारी दोन घंटे बंद ठेवतो."