दाजींच्या गाडीतला आवाज

१४ एप्रिल १९९८, फैजपूर
दुपारी धुळ्याहून सुमीचा फोन. वूफर वाजतं, पण गाडी चालू असली की गाण्याच्या खालून घूंऽऽ येतं. रेस दिली की तेही चढतं. "दादा, हे रोज गाडी चालू करतात, ऐकतात, अन् माझ्याकडे बघतात."
वूफरची पेटी मीच बसवली. पाडव्याला घेतलेली कोरी लाल गाडी, आत कंपनीचा टेप, त्याला बाहेरचं वूफर. धुळ्यातले मोठे दुकानदार सोडून दाजींनी मुद्दाम मेव्हण्याला काम दिलं. केवढा फुगलो होतो!
आईला सांगितलं नाही. तिने लिंबाला झोका बांधायला दोर काढलाय. लग्नानंतरची सुमीची पहिली आखाजी, अक्षय्य तृतीयेला लेक माहेरी यायलाच हवी. तिकडून अजून कुणी "पाठवतो" म्हटलेलं नाही.

१६ एप्रिल
दुकानात लक्ष नाही. एका गिऱ्हाइकाच्या ट्रान्झिस्टरला सेल उलटे घातले. कंपनीच्या टेपला वेगळं आऊट नाही, म्हणून मागच्या स्पीकरच्या वायरींतून आवाज घेतलाय. तिथे चुकलं? की बॅटरीची वायर शेजारून नेली, तिचं घुसतंय? की...
संध्याकाळी खुद्द दाजी फोनवर. "भाऊ, बठ्ठं चांगलं शे, पण गाणं कमी न् भुंगा जास्त." हसले. ते हसले की मला घाम फुटतो. आखाजीचं विचारणार होतो. राहिलं.

१९ एप्रिल, रविवार. धुळे
सकाळच्या एस.टी.ने. बॅटरीची वायर दुसऱ्या बाजूने फिरवली, फ्यूज बदलला, फिल्टर लावला. घूंऽऽ जिथल्या तिथे. दाजी शेजारी उभे, एकच पालुपद: "गाडी नवी शे, एक बी ओरखडा पडाले नको."
शेवटी धीर करून आखाजीचं काढलं. "अशी गाडी सासरवाडीले कशी आनू? लोके हसतीन." सुमीला एस.टी.ने पाठवा म्हणालो तर तोंड फिरवून आत गेले. उगाच बोललो. सुमी दारात उभी होती, तिने ऐकलं.

२१ एप्रिल
सापडलं. सापडलं कसलं, मनात पहिल्यापासून होतंच बहुतेक. वूफरच्या अ‍ॅम्प्लिफायरची काळी वायर, अर्थिंगची, डिकीत बोल्टखाली दाबलीय. पण खालचा रंग खरवडलाच नाही. रंगावर अर्थिंग मिळेल कसं! दुसऱ्या कुणाची गाडी असती तर न विचारता पत्र्यापर्यंत घासलं असतं. जावयाच्या नव्या गाडीला पॉलिश पेपर लावायला हात धजला नाही. लाज वाटते.
विचारून घासू? नाही म्हणाले तर? न विचारता?
आई: "पोरगी येईन ना रे आखाजीले?" येईल म्हणालो. कशाच्या जोरावर...

२६ एप्रिल, रविवार. धुळे
दाजी डिकीपाशी उभे, हलेनात. माझ्या मुठीत पॉलिश पेपर, घामाने ओला. सुमीने दारातून पाहिलं. काय समजली कोण जाणे. "अहो, आत या ना, चहा निवतोय. दादाचा तिकडेच देते."
ते गेले. कार्पेट उचललं. रुपयाएवढंच घासायचं होतं, पण घाईत हात निसटला. शेजारी चांगला बोटभर ओरखडा. बोल्ट आवळला, ग्रीस फासलं, कार्पेट टाकलं.
गाडी चालू केली, रेस दिली. नुसतं गाणं.
दाजींनी पाठीवर थाप मारली. "आत्ते कशी! मंगळवारले येतस आम्ही."
सुमी चहा घेऊन आली. माझ्या बोटांना ग्रीस अन् लाल भुकटी. तिने पदराने पुसली.

२८ एप्रिल, मंगळवार
सकाळीच सुमीचा फोन, आवाज अगदी हळू. "दादा, निघायच्या आधी हे गाडी धुताहेत. पायपुसणी काढली. आता डिकीतलं कार्पेट—" लाइन कटली. इकडून लावला, एंगेज. परत लावला, एंगेज.
आईने विचारलं, काय म्हणे? गाडी धुताहेत म्हणालो. तिचं तोंड फुललं. "धुतात म्हंजे निघालेच समज!" लगेच सांजोऱ्यांचा रवा भाजायला घेतला. मला म्हणे दोराला लोंबकळून बघ, झोका घट्ट आहे का.
लोंबकळलो. तिथून धुळ्याकडून येणारा रस्ता दिसतो. एक ट्रक गेला, केळीचा. मग एक एस.टी. आईने आतून विचारलं, दिसले का?
अजून नाही म्हणालो.