झांजेची चूक

दसऱ्यानंतरचा मंगळवार, संध्याकाळ. मुलुंड.

सुजयने आज विक्रोळीच्या चाळीतल्या भजनाची जुनी कॅसेट मोबाईलवर उतरवून दिली. हे जाऊन आठ महिने झाले. ह्यांचं माझ्याकडे एवढंच उरलं होतं, त्या भजनातली झांज. शेवटच्या गजराला ती नेहमी घाईने आधीच पडायची आणि बुवा ओरडायचे, "मेल्या, वाईच थांब!" चाळ हसायची. मीपण.

मोबाईलवर गजर आला. झांज बरोबर तालात. बुवा ओरडलेच नाहीत.

"आई, ऐकलंस? बाबांची ती चूक काढून टाकली. एकदम क्लीन!"

"कॅसेट कुठाय रे?"

"ती तुटली ना उतरवताना. आता कशाला हवी?"

छान झालंय म्हटलं. दोन रविवार बसला होता पोरगा त्यासाठी.

हल्ली सगळंच स्वच्छ करून मिळतं. कोणी मागितलं होतं?

तो गेल्यावर ताट आणि चमचा घेऊन बसले. गजर लावला आणि ह्यांच्या जागी मीच आधी वाजवायला गेले. चमचा तालात पडला. मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा तालातच. चार वेळा केलं.

ह्यांच्यासारखं चुकता येत नाही मला.