मंदाच्या गोष्टीला हुंकारा

११ जानेवारी १९८७
पहिली पाळी. सुपरवायझरशी वाजलं. संध्याकाळी सायकल हाणत दांडी गावच्या किनाऱ्याला. मंदा बोंबील वाळत घालायच्या काठ्यांखाली भेटली. पंचवीसला बोईसरच्या वाचनालयात गोष्टवर्गाचा समारंभ. वर्ग पुरा केला त्यांना प्रमाणपत्रं, प्रत्येकाने स्टेजवर एक गोष्ट सांगायची. समोर हुंकारा द्यायला आपलं एक माणूस बसवायचं.

विचारलं, कुठला शर्ट घालू?

ती पायाने वाळू उकरत राहिली. "श्रीकांत बसणार हाय."

कॉलनीतला श्रीकांत! इंजिनिअरचा भाचा, घशात रेडिओ. वर्षभर तिची प्रत्येक गोष्ट ऐकली मी. पाळी संपवून, उपाशीपोटी. हूं हूं करून घसा माझा सुकला.

"वर्गाचे सर बोलले, वर्ग मधेच सोडलेला स्टेजवर नको. मी काय करू?"
"भांडायचं होतंस."
"तू भांडलास ना? मग? काय झालं?"

वर्गात सरांनी माझ्या गोष्टीतल्या शिव्या कापल्या. भांडणार नाही तर काय. चालता झालो.

१४ जाने.
संक्रांत. आईने तिळगूळ हातावर ठेवला. "कॉलेज अर्धं, वर्ग अर्धा. निदान लाडू तरी पुरा खा."
खाल्ला नाही.

१९ जाने.
बाजारात मंदाची आजी, मासळीची पाटी घेऊन. "काय रं, रुसलास? हुंकारा तुटला का कानी थितंच ठेवायची, गोष्ट फुडं न्यायची नाय. त्या कॉलनीवाल्याला ठावं हाय का?"
मला काय करायचंय. तुटू दे. सगळ्यांसमोर तुटू दे.

२५ जाने.
जाणार नव्हतो. गेलो. मागे, चपलांच्या ढिगाजवळ उभा. शाल, नारळ, पाहुण्यांचं लांबलचक भाषण. "हे आमचे पदवीधर!" सर म्हणाले. टाळ्या. माझे हात खिशात.

मंदा सगळ्यात शेवटी. आजीचं हिरवं लुगडं. गोष्ट तीच. मासळीच्या बदल्यात बाप दर्याला लेक कबूल करतो ती. समोर श्रीकांत, मांडी घालून. हुंकारा कसला, "वा! वा!" गाण्याच्या बैठकीला आल्यासारखा.

लेक दर्यात उतरली. घोट्याएवढं पाणी झालं. "वा!" गुडघ्याएवढं पाणी झालं. "वा!" अरे गाढवा, पोरगी बुडतेय!

कमरेएवढं पाणी झालं.

श्रीकांत गप्प. डोळे मिटलेले. भारावला म्हणे. मंदा थांबली. हुंकारा नाही तर ती पुढे जात नाही, आजीची शिस्त. लोकांना वाटलं विसरली. सर पडद्याआडून पुरवतायत, "गळ्याएवढं, गळ्याएवढं..." पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं.

मला बरं वाटत होतं. खरंच. राहा उभी तिथे. बोलाव तुझ्या...

मग तिने मागे बघितलं. चपलांच्या बाजूला.

"हूं," म्हटलं. शिवी हासडल्यासारखं.

गळ्याएवढं पाणी झालं, ती म्हणाली. आणि सरांनी घंटा मारली. पाहुण्यांची गाडी चुकत होती. गोष्ट तिथेच. प्रमाणपत्र, फोटो. श्रीकांतला गुलाबाचं फूल, "उत्तम श्रोता" म्हणून! थुंकलो आणि निघालो.

२६ जाने.
झेंडावंदनाची सुट्टी. सायकलच्या दुकानापाशी मंदा आडवी आली.
"काल थांबला का नाय?"
"त्या फुलवाल्याला विचार."
"हुंकारा दिलास, उपकार नाय केलास. तोंड कशाला फुगवतो?"
"माझं तोंड, फुगवीन."
जाता जाता म्हणाली, "शेवटचा हुंकारा ज्याचा, उरलेली कानी त्याची. रविवारी ओहोटीला ये. नाय आलास तर कोणालाच सांगणार नाय."
"नको सांगू."

३१ जाने.
तिचे सर, तिचा श्रीकांत, तिचं प्रमाणपत्र, सगळं खाडीत जाऊ दे. उद्या दांडीला जाणार नाही. ठरलं.

मागच्या चाकात हवा भरून आणली. कामाला जायला लागतेच.

आई विचारते, जेवत का नाहीस. काय सांगू. ती पोरगी गळ्याएवढ्या पाण्यात उभी आहे अजून.