मंगळवारची लोखंडी काठी

आप्पा, आज मावशी बोलली. इतकी वर्षं मूग गिळून बसलेली बाई, परसात शेंगा फोडता फोडता बोलली, आणि माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. तुम्ही असतात तर धावत येऊन सांगितलं असतं. आता कागदालाच सांगते.

प्लेगच्या त्या साली उचगावानं लक्ष्मीच्या यात्रेआधीचे वार धरले होते. मंगळवारी मातीला लोखंड लावायचं नाही. नांगर नाही, कुदळ नाही, बायकांनी खुरपंसुद्धा नाही. आणि गोऱ्या साहेबांनी गोल्फच्या सामन्याला नेमका मंगळवारच काढला! लष्कराच्या कॅम्पातल्या मैदानावर तुम्ही साहेबांना टोला मारायला शिकवायचात, त्यांच्या काठ्या घडवायचात. पण चषकासाठी तुम्हाला खेळू देणार होते ते पहिल्यांदाच. जिंकलात तर पुढं मुंबई, कलकत्ता. हरलात तर जन्मभर काठ्याच तासा. गावात मात्र दबक्या आवाजात एकच बोलणं: शेजारच्या गावात उंदीर पडायला लागलेत, गाठीचा ताप आलाय, औंदा देवीची नजर बरी न्हाय.

ती सकाळ मला अजून दिसते. तुम्ही भाकरी खाताय, आई चुलीपुढून उठत नाही. "लाकडाच्याच काठ्यांनी खेळा," ती म्हणते. "लोखंडाची मातीला लावू नगासा. माझ्या गळ्याची आण हाय."

"व्हय गं, व्हय," तुम्ही म्हणता, आणि तरी सगळ्या काठ्या खांद्यावर घेऊन निघता.

पुढचं तुमच्याच तोंडून कितीदा ऐकलं! वारा पडलेला, झाडावर पाखरू नाही. लोक हसत होते, पण नुसत्या लाकडाच्या काठ्यांनी तुम्ही साहेबाला शेवटपर्यंत बरोबरीत धरलंत. आणि शेवटच्या भोकाजवळ चेंडू वाळूच्या खड्ड्यात जाऊन बसला. तिथून लाकूड त्याला वर काढत नाही, खाली लोखंड घालावंच लागतं. तुम्ही खड्ड्यात उभे राहिलात ते उभेच. साहेब घड्याळ बघायला लागला. मग तुम्ही लोखंडी काठी उचललीत. वाळू उडाली, चेंडू भोकाच्या तोंडाशी जाऊन पडला, पुढच्या हलक्या टोल्याला आत गेला, आणि चषक तुमचा झाला.

घरी आलात तेव्हा आई तापानं फणफणली होती. काखेत गाठ. तुम्ही पायाशी बसून म्हणालात, "मी लोखंड लावलं."

"लावलासा? लावू द्या," ती म्हणाली. "जिंकलासा न्हवं?"

शुक्रवार उजाडायच्या आत ती गेली. गावानं तुमच्याकडं बोट दाखवलं, आणि तुम्ही ते मानलंत. पुढं मुंबई जिंकलीत, राजेरजवाडे तुम्हाला बोलावून घ्यायचे. पण मंगळवार आला की लोखंडी काठ्या आईच्या लुगड्याच्या धडप्यात बांधलेल्या. कलकत्त्याला शेवटचा डाव मंगळवारी आला, तर हातातोंडाशी आलेला चषक सोडून परतलात. लोक म्हणाले, घाबरला. मरतानाही तुमचं तेच: "मीच मारलं गं तिला."

नाही हो आप्पा, नाही!

मावशी काय म्हणाली ऐका. "तुजा बा खेळायला जायच्या आदी, रविवारीच माजघरात उंदीर पडलेला. तुज्या आईनं शेपटीला धरून उकिरड्यात पुरला. मला म्हणाली, तोंड उघडशील तर बघ. उंदीर पडल्यालं कळलं तर घर सोडून रानात ऱ्हायाला जावं लागतंय, आन तसल्या घरचा माणूस कॅम्पात घेत न्हाईत. त्यांचा खेळ बुडंल."

"मग आप्पांना का नाही सांगितलंस?" मी ओरडलेच.

"तिनं आण घातलीती गं," म्हणाली, आणि शेंगा फोडत राहिली. असा राग आला, की सूप लाथाडावंसं वाटलं. ताप तुमच्या टोल्याआधीच घरात शिरला होता. लोखंडाचा काय संबंध! तुम्ही उगाच जन्मभर जळलात.

हा कागद कुठं पाठवू? त्याच धडप्यात, तुमच्या काठ्यांशेजारी ठेवते. दारात गवत माजलंय, सकाळपासून खुरपं उंबऱ्यावर पडून आहे. आज मंगळवार आहे, आप्पा. सगळं कळलं, तरी ते खुरपं मी हातात घेतलेलं नाही.